समुद्राचा तळ आणि हैदराबाद

आपल्या सीमाभागातून हैदराबादला जाणारे घरटी एक तरी माणूस असते. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी पोराच्या नोकरीसाठी. बिदरकडून बसने निघालात तर खिडकीबाहेर बघत राहा. आपला काळा पाषाण, कानडीतला 'करिकल्लु', हळूहळू संपतो आणि शहर जवळ आले की एकावर एक रचल्यासारखे ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे दिसू लागतात. गोवळकोंड्याचा किल्ला याच खडकावर उभा आहे. वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे!

याच शहरात प्रगतीनगरला 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून महासागराचा अभ्यास करते. समुद्र तिथून तीनशे किलोमीटरवर, मग संस्था तिथे कशाला, असे वर्गातली मुले हमखास विचारतात. पण ज्या यंत्रांवर नजर ठेवायची ती हजारो किलोमीटर पसरलेली आहेत. त्यांची माहिती उपग्रहावरून येते. ती वाचायला किनाऱ्यावर बसावे लागत नाही.

वाचायचे काय, तर समुद्राच्या तळाचा खडक. तो आपल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा, म्हणजे बेसॉल्ट. पण गोवळकोंड्याच्या मानाने अगदीच कोवळा. महासागरांच्या तळाशी वीस कोटी वर्षांहून जुना खडक जवळजवळ सापडतच नाही. समुद्रातल्या पर्वतरांगांच्या भेगांतून लाव्हा वर येतो, थिजतो, दोन्हीकडे सरकत जातो, थंड होऊन जड होतो आणि शेवटी दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो. शिरताना अडकतो. शेकडो वर्षांचा ताण साठतो आणि एके दिवशी सुटतो.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ हेच झाले. बाराशे किलोमीटरहून लांब पट्टा फाटला, तळ काही मीटर उचलला गेला आणि त्यावरचे सगळे पाणी ढकलले गेले. लाटेला तमिळनाडूचा किनारा गाठायला दोन तासांच्या आसपास लागले. हे दोन तास हाताशी होते, पण सांगणारे कुणी नव्हते. भारतात दहा हजारांवर माणसे गेली.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप आपल्याकडच्या थोरामोठ्यांना आठवतो. तिथे धक्का हाच घात होता, आधी सांगण्याची सोयच नव्हती. त्सुनामीचे तसे नाही. भूकंपाची लहर खडकातून सेकंदाला काही किलोमीटर धावते, तर पाण्याची लाट खोल समुद्रातही सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. खडकाची बातमी लाटेच्या कितीतरी आधी पोचते. या फरकावरच १५ ऑक्टोबर २००७ पासून इन्कॉइसमधले त्सुनामी इशारा केंद्र चालते. भूकंपाची जागा, खोली आणि तीव्रता कळली की आधीच करून ठेवलेल्या गणितांतून जुळणारे उत्तर काढतात. मग समुद्रतळावर ठेवलेली दाबमापक यंत्रे पाणी खरेच उचलले गेले का ते सांगतात.

हे शेवटचे का लागते, ते ११ एप्रिल २०१२ ला दिसले. पुन्हा सुमात्राजवळ, तीव्रता ८.६. हैदराबादहून इशारे निघाले. पण या वेळी खडक वर न उचलता आडवे घसरले होते, त्यामुळे पाणी फारसे ढकललेच गेले नाही. लाटा किरकोळ निघाल्या आणि इशारे मागे घेतले. नुसत्या तीव्रतेच्या आकड्यावर गावे रिकामी करत बसलो तर तिसऱ्या वेळी कोण ऐकेल?

रत्नागिरी-कारवारकडे सोयरीक असलेल्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी, २८ नोव्हेंबर १९४५. अरबी समुद्राच्या उत्तरेला मकरानच्या किनाऱ्याजवळ तळ हलला आणि काही तासांनी लाटा मुंबईला येऊन थडकल्या. तिथेही माणसे वाहून गेली. ती भेग आजही तिथेच आहे.

निकोबारसारख्या जागी मात्र हैदराबादचा इशारा पोचेपर्यंत लाट दारात असू शकते. तिथे पायाखालचा धक्का हाच इशारा समजून उंचावर पळायचे असते. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी हे पळणे नीट शिकून घेतले. वाटा ठरवल्या, नकाशे लावले, रंगीत तालमी केल्या. २०२० मध्ये युनेस्कोच्या आयोगाने त्यांना 'त्सुनामीसाठी सज्ज' म्हणून मान्यता दिली. भारतातली ती पहिली दोन गावे.