विज्ञान घरोघरी : काचपेटीतले शेवाळ आणि चिमूटभर मोरचूद

सांगली-साताऱ्याकडे घरात मासे पाळणे ही आता फक्त बंगलेवाल्यांची हौस राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीशेजारी काचेची पेटी दिसते. बहुतेकांकडे गोड्या पाण्यातले मासे असतात, पण हौशी तरुण पोरे खाऱ्या पाण्याची पेटीही मांडू लागली आहेत. दोन्हीकडे तक्रार एकच. महिनाभर पेटी छान दिसते, मग काचेवर हिरवा थर चढतो, दगडांवर केसांसारखे शेवाळ वाढते आणि मासे दिसेनासे होतात. मग कोणीतरी सल्ला देतो, "चिमूटभर मोरचूद टाक, सकाळी पाणी आरशासारखं."

हा सल्ला ऐकू नका. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत राबणाऱ्यांना मोरचूद चांगले माहीत आहे. चुन्यात मिसळून त्याचे बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवर फवारतात. बागेत ते बुरशी मारते, कारण त्यात तांबे असते. तेच तांबे पेटीत पडले की माशांच्या कल्ल्यांना इजा करते. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ तर अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. शिवाय तांबे दगडांत आणि वाळूत मुरते आणि पुढे सावकाश पाण्यात उतरत राहते. म्हणजे पाणी बदलले तरी विष पेटीतच राहते. ब्लीचिंग पावडर आणि साबण यांनाही पेटीजवळ जागा नाही.

दुसरा धोका सहज ध्यानात येत नाही. शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडते, रात्री मात्र माशांसारखेच तो घेते. औषध घालून सगळे शेवाळ एका रात्रीत मारले तर ते कुजू लागते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. मासे वर येऊन तोंडे उघडतात आणि सकाळी उलटे तरंगतात. पाण्यातला प्राणवायू संपला की काय होते, हे वेगळे सांगायला नको. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे प्रदूषित कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आपण पाहिला आहे. नदीत जे मोठ्या प्रमाणावर होते तेच घरच्या पेटीत लहान प्रमाणावर होते.

शेवाळ येते कशाने?

शेवाळ हा आजार नाही, ती खूण आहे. उजेड आणि खत या दोन गोष्टी मिळाल्या की ते वाढते. पेटीतले खत म्हणजे न खाल्लेले अन्न आणि माशांची विष्ठा. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतात. समुद्रात शेवाळ खाणारे मासे आणि गोगलगायी असंख्य असतात, लाटा पाणी सतत ढवळतात. आपल्या पेटीत ते काम आपल्यालाच करावे लागते.

नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी भुकटीसारखा थर येतो. घाबरू नका, तो बहुधा आपोआप कमी होतो. लालसर, बुळबुळीत पडदा दिसला तर ते खरे शेवाळ नसून एक प्रकारचे जिवाणू असतात. असा पडदा नळीने ओढून काढावा. खाऱ्या पाण्यात दगडांवर जांभळट, खडूसारखा कडक थर चढला तर तो खरवडू नका, तो चांगला आहे.

उपाय, बिनखर्चाचे

१) उजेड आवरा. दिवा दिवसाकाठी ६ ते ८ तास पुरे. पेटीवर खिडकीचे ऊन पडत असेल तर जागा बदला किंवा पडदा लावा.

२) खाणे कमी करा. दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच. पोरे कौतुकाने भाकरीचा चुरा आणि चुरमुरे टाकतात, ते आधी बंद करा. खाणे टाकण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा.

३) दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. म्हणजे साडेपाच ते सहा लिटर, अर्धी बादलीसुद्धा नाही. गोड्या पाण्यासाठी नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते.

४) खाऱ्या पाण्यासाठी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते, सहा लिटरला २१० ग्रॅम. ते मत्स्यालयासाठीचेच हवे. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातले बाकीचे क्षार नसतात. उन्हाळ्यात पाणी आटते पण मीठ आटत नाही, म्हणून आटलेली भर गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच घालावी. बोअरच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट असू शकतात, ते टाळावे.

५) शेवाळ हाताने काढा. काचेवर बाद झालेले प्लास्टिकचे कार्ड फिरवा, दगडावरचे केस बोटांनी उपटा. एकाच दिवशी सगळे नको, दर आठवड्याला थोडे थोडे.

हात घालण्याआधी पंप आणि दिव्याची पिन काढा. खारे पाणी आणि वीज यांचा मेळ जिवावर बेततो. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नका. पेटीची बादली वेगळी ठेवा, ती स्वयंपाकघरात आणू नका.

प्रवाळ आणि सकर मासा

दुकानदार रंगीत जिवंत प्रवाळ दाखवून भुलवतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळांना २००१ पासून संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. "काही होत नाही" म्हणणारा दुकानदार केस झाल्यावर आपल्या मदतीला येणार नाही. प्रवाळ पाहायचे असतील तर मालवण आहे. तिथल्या किनाऱ्याजवळचा समुद्र १९८७ साली अभयारण्य जाहीर झाला.

गोड्या पाण्याच्या पेटीसाठी "शेवाळ खाणारा" म्हणून सकर मासा गळ्यात मारतात. लहानपणी तो बोटाएवढा असतो, पण वाढून फूट-दीड फुटाचा होतो. मग पेटीत मावत नाही म्हणून लोक त्याला नदीत सोडतात. कृष्णेचीच उपनदी असलेल्या भीमेवर उजनी जलाशयात हा मासा माजला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, इतर मासे कमी होतात आणि नुकसान हातावर पोट असलेल्या मच्छीमाराचे होते. नको असलेल्या जिवाला पाण्यात सोडले म्हणजे करुणा झाली असे नाही. त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांचा आणि माशांचाही विचार त्यात हवा. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. काढलेले शेवाळही नदीत किंवा विहिरीत न टाकता उन्हात वाळवून कचऱ्यात टाका. गोड्या पाण्याचे असेल तर झाडाच्या मुळाशी घाला, खत होईल.

थोडे शेवाळ राहणारच. पाणी जिवंत असल्याची ती खूण आहे. आठवड्याला अर्धा तास पोरांना सोबत घेऊन ही कामे करावीत. दिव्याच्या वेळा आणि पाणी बदलल्याची तारीख एका वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी. दोन महिन्यांनी वही चाळली की शेवाळ कशाने वाढते आणि कशाने घटते, हे पोरे स्वतःच सांगू लागतील.