हदगावचे १७५ : राष्ट्रपतिपदाचे मत कोणाला, आणि कशासाठी?

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत हदगावच्या मतदाराच्या बोटाला शाई लागत नाही. मत त्याचा आमदार देतो आणि त्या एका मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागायचे, आलेल्या संख्येला पुन्हा हजाराने भागायचे, की १७५ येतात. आमदाराच्या मताचे हे वजन जनतेच्या शिरगणतीतून आलेले आहे. त्याच्या ज्येष्ठतेतून वा पक्षातील स्थानातून नव्हे.

(जनगणना १९७१ चीच का? लोकसंख्येचा आधार घटनादुरुस्तीने त्या वर्षाशी गोठवला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेच गणित मांडले, तर दर आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार माणसे येतात. त्यानंतर जन्मलेला हदगावकर या हिशेबात अजून आलेलाच नाही.)

पैनगंगेकाठच्या या तालुक्याने हे मत तीन राज्यांच्या नावाने दिले आहे. १९५२ साली, डॉ. राजेंद्र प्रसाद निवडून आले तेव्हा हदगाव हैदराबाद राज्यात होते. १९५७ साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात होते आणि १९६२ पासून ते महाराष्ट्रात आहे. पहिल्या दोन्ही निवडणुकांत निकालाविषयी फारशी उत्कंठा नव्हती. खरा पेच पडला तो १९६९ साली.

डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींचा विरोध डावलून नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. मंडळात रेड्डींच्या बाजूने उभे राहिलेल्यांत यशवंतराव चव्हाण होते, स. का. पाटीलही होते. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली आणि पुढे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. त्याचा अर्थ व्ही. व्ही. गिरी, हे सर्वांना उमगले. १९६७ साली महाराष्ट्र विधानसभेच्या २७० पैकी २०३ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. त्यामुळे राज्यातल्या बहुसंख्य आमदारांसमोर पक्षाची शिस्त पाळायची की पंतप्रधानांचा संकेत ओळखायचा, असा प्रश्न होता.

आणि तिसरे नाव होते चिंतामणराव देशमुख यांचे. रायगड जिल्ह्यातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. मराठी अस्मितेच्या दृष्टीने याहून तोलामोलाचा उमेदवार सापडणे कठीण होते. पाठिंबा मात्र जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा. ते १,१२,७६९ मतमूल्यावर तिसरे राहिले. पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही. बाद झालेल्यांची पुढची पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. म्हणजे कोट्याच्या वर गिरींकडे जेमतेम १,९०८ मते राहिली. एकेका आमदाराच्या मताला किती किंमत असू शकते, हे त्या दिवशी दिसले.

त्यानंतरचा धडा शिवसेनेचा, आणि तो हदगावशी थेट जोडलेला आहे. १९९५ ते २००९ या काळात हदगावचे आमदार शिवसेनेचे सुभाष वानखेडे होते. १९९७ साली भाजप के. आर. नारायणन यांच्यामागे उभा राहिला, तर त्याचा मित्रपक्ष शिवसेनेने टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला. २००७ साली रालोआचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावतांना होता. सेनेने जळगावच्या प्रतिभाताई पाटील मराठी म्हणून त्यांची बाजू घेतली. २०१२ साली सेना प्रणव मुखर्जींच्या मागे गेली. ‘मराठी राष्ट्रपती’ हा निकष एका निवडणुकीपुरता होता, हे उघड आहे. निकष म्हणूनही तो अपुराच. परंतु तो चारचौघांत सांगितला गेला, त्यावर वाद झाला, त्याला विरोध करता आला. या निवडणुकीत एवढेही क्वचितच घडते.

२०२२ साली हदगावचे आमदार माधवराव पाटील जवळगावकर काँग्रेसचे, तर ज्या हिंगोली लोकसभा मतदारसंघात हदगाव येते तेथील खासदार हेमंत पाटील शिवसेनेचे होते. काँग्रेस यशवंत सिन्हांसोबत, सेनेचे दोन्ही गट द्रौपदी मुर्मूंसोबत. पक्षांच्या भूमिका पाहिल्या तर एकाच गावाचे वजन दोन्ही पारड्यांत पडायचे होते. असे का, हे गावाला कोणी समजावून सांगायला हवे होते.

कायद्याने येथे पक्षाला व्हिप काढता येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त असते. ही मोकळीक पक्षाच्या दडपणातून सुटका व्हावी म्हणून आहे. मतदारसंघासमोर मौन पाळण्यासाठी तिचा आधार घेणे गैर आहे. मतपत्रिका गुप्त राहावी. उमेदवाराविषयीचे मत आधी जाहीर करण्यास कोणाची आडकाठी नाही.

जाहीर करायचे ते कशाच्या आधारावर? प्रांत, जात, पक्ष हे विचार सुटणार नाहीत, सुटावेत अशी अपेक्षाही भाबडी आहे. पण त्यांच्या आधी एक प्रश्न विचारला पाहिजे : रात्री-अपरात्री समोर आलेल्या कागदावर हा उमेदवार काय करील? २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१९ रोजी लागू झालेली राष्ट्रपती राजवट २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांच्या अधिसूचनेने उठली. तीही मंत्रिमंडळाच्या बैठकीवाचून, पंतप्रधानांच्या विशेषाधिकारात. हदगावने ऑक्टोबरमध्ये निवडलेला आमदार तेव्हा शपथेविना होता.

याउलट ऑक्टोबर १९९७ मध्ये नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी बिहारच्या बाबतीतही त्यांनी शिफारस परत पाठवली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीला सल्ला एकदा परत पाठवण्याचा अधिकार स्पष्टपणे दिला आहे. तो वापरणारा माणूस निवडणे उरते. शेषन यांचा ताठ कणाही सर्वश्रुत होता, त्यामुळे १९९७ ची निवड सोपी नव्हती. पण त्या दोघांत डावे-उजवे करताना हा प्रश्न हदगावात कोणी मांडला असता, तर ती चर्चा पक्षप्रमुखांच्या आदेशापेक्षा मोलाची ठरली असती.

मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये संपतो. विधानभवनात मतदान होईल, आमदारांच्या हाती गुलाबी मतपत्रिका आणि आयोगाचे पेन येईल, मतपेटी विमानाने दिल्लीस जाईल. २०२२ साली तिच्यासाठी स्वतंत्र तिकीट काढले होते. ती निघण्यापूर्वी आमदाराला हदगाव, तामसा वा हिमायतनगर येथे बोलावून विचारता येईल : साहेब, आमचे १७५ कोणाला देणार, आणि कशासाठी?