न्हाणीघरातील ज्योत

थंडीचा कडाका वाढू लागला की आपल्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी ठरल्यासारखी येऊन जाते. न्हाणीघराचे दार आतून बंद, पाण्याचा आवाज सुरू, हाकांना उत्तर नाही. दार तोडले तेव्हा सारे संपलेले. कधी भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी असतो, कधी नुकताच संसार थाटलेले जोडपे असते. 'गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू' एवढ्या चार शब्दांत त्याची वासलात लागते. वाचक हळहळतो, पान उलटतो आणि थोड्या वेळाने स्वतःच्या न्हाणीघरात जाऊन तसल्याच यंत्राखाली निःशंकपणे उभा राहतो. अशा मृत्यूंना दैवाचा घाला म्हणणे सर्वांनाच सोयीचे असते. विक्रेत्याला, घरमालकाला आणि शासनालाही. परंतु त्यात दैवाचा भाग फारच थोडा असून अज्ञानाचा आणि अव्यवस्थेचा भाग मोठा आहे.

स्वयंपाकाचा गॅस आपल्याकडे बर्मा-शेल कंपनीने मुंबईत १९५५ च्या सुमारास आणला आणि १९६५ मध्ये कोलकात्यात 'इंडेन'ची पहिली जोडणी झाली. तेव्हापासून गृहिणीला एकच धडा पढविण्यात आला : वास आला की सावध व्हा. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. धडा बिनचूक आहे. मूळ वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, हेही लोकांना आता ठाऊक झाले आहे. गळतीची वर्दी देण्यासाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. सांगावयाचे ते एवढेच, की हे सारे शिक्षण न जळलेल्या वायूचे आहे. गिझरमध्ये वायू जळतो, त्याबरोबर वासाचे द्रव्यही जळून जाते, आणि ज्वलन अपुरे झाल्यास जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला ना रंग, ना वास. साठ-सत्तर वर्षे ज्या नाकावर आपण भिस्त ठेवली ते नाक येथे पहारेकऱ्याचे काम करीत नाही. उलट 'वास येत नाही, म्हणजे सारे ठीक आहे' असा खोटा दिलासा तेच देते.

थोडा हिशेब मांडू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा लहान गिझर मिनिटाला साधारण १७ ग्रॅम, म्हणजे तासाला सुमारे एक किलो वायू जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटविल्यासारखेच हे झाले. एक किलो वायू पुरता जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा आपल्याकडील नेहमीच्या न्हाणीघरात हवा असते जेमतेम साडेचार घनमीटर. दहा मिनिटांच्या एका स्नानात यंत्र त्यातील दोन घनमीटर हवेचा प्राणवायू फस्त करते. दार बंद, थंडीमुळे खिडकीच्या काचेच्या पट्ट्या मिटलेल्या, वर गार वारा येतो म्हणून झरोक्यात कागद कोंबलेला! प्राणवायू जसजसा घटतो तसतशी ज्योत अर्धवट जळू लागते आणि विष तयार होण्याचा वेग वाढत जातो.

यात एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. घरातील पहिला माणूस न्हाऊन सुखरूप बाहेर येतो, दुसराही येतो. त्यावरून यंत्र निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात दार क्षणभर उघडून पुन्हा मिटते, आणि आधीच्यांनी मागे ठेवलेली हवा तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला येते. काही गिझरांत वीस मिनिटांनी आपोआप विझण्याची सोय असते. पण तोटी बंद झाली की तिचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. ते पाण्याचा काळ मोजते, खोलीतील हवा मोजत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे ते अडीचशे पट अधिक असते. आधी डोके जड होते, मळमळते, मग पाय लटपटतात. कडी काढण्याची इच्छा असते, पण हातात बळ उरत नाही. यातून वाचलेले कित्येकजण 'गरम पाण्याने चक्कर आली' असे सांगतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत जातात.

यंत्र बिघडले म्हणजे काय झाले, याविषयीची आपली कल्पनाही उलटी आहे. गिझर पेटला नाही की आपण त्याला बिघाड म्हणतो. वस्तुतः न पेटणारा गिझर बहुधा निरुपद्रवी असतो. ठिणगीसाठी घातलेले दोन सेल उतरलेले असतात. टाकीत पाणी कमी असल्याने आतला पडदा हलण्याइतका दाब मिळत नाही. बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराने जाळी बुजलेली असते. किंवा सिलिंडर नुकताच बदलल्याने नळीत हवा असते. पेटून लगेच विझत असेल तर ज्योतीची जाणीव ठेवणाऱ्या कांडीवर काजळी धरलेली असण्याचा संभव असतो. ही कामे घरी किंवा कारागिराकडून सहज होतात. मात्र दोन-तीनदा पेटला नाही तर तोटी बंद करून, खिडकी उघडून, पाच-दहा मिनिटे थांबावे. साचलेल्या वायूवर पुन्हापुन्हा ठिणगी पाडण्यात शहाणपणा नाही. खरा बिघाड तो, ज्यात गिझर पेटतो, पाणीही उत्तम तापते, पण निळी ज्योत पिवळी झालेली असते आणि यंत्राच्या माथ्यावर काळा डाग धरलेला असतो. या बिघाडाची तक्रार कोणी करीत नाही, कारण पाणी मिळते आहे.

सिलिंडर आडवा करून, हलवून किंवा त्यावर कढत पाणी ओतून शेवटचा थेंब वसूल करण्याच्या आपल्या घरगुती कसबाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. गिझर वायू इतक्या वेगाने ओढतो की सिलिंडर गार पडतो, त्यावर दव धरते आणि दाब मंदावतो. गॅस संपला असे वाटते, तो प्रत्यक्षात थंडावलेला असतो. सिलिंडर आडवा केल्यास वायूऐवजी द्रव नळीत शिरतो, आणि अशा वेळी भडका कोठवर जाईल याचा भरवसा कोणी देऊ नये.

थंड देशांत दिवाणखान्यात गॅसच्या आगट्या असतात. ती आगटी पेटविण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. तिची लहान कायमज्योत पेटविताना कळ अर्धा मिनिट दाबून धरावी लागते. तेवढ्या वेळात ज्योतीत ठेवलेला दोन धातूंचा सांधा तापून काही मिलिव्होल्ट वीज निर्माण करतो, आणि ती इवलीशी वीज वायूची झडप उघडी धरते. ज्योत विझली की सांधा निवतो, वीज थांबते, झडप मिटते. माणूस विसरतो हे गृहीत धरूनच ही रचना झाली आहे. युरोपात स्वयंपाकाच्या शेगड्यांनाही अशी झडप असते. आपल्याकडील बहुतेक शेगड्यांना ती नाही. दूध उतू जाऊन बर्नर विझतो आणि वायू तसाच वाहत राहतो. हा प्रसंग ज्या घरात घडला नाही असे घर महाराष्ट्रात सापडणार नाही. काचेचा पृष्ठभाग आणि चकचकीत कळा यांसाठी ग्राहक जादा पैसे मोजतो. झडपेसाठी मोजत नाही, कारण तशी काही वस्तू असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकून लावतो, असे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. गिझरच्या बाबतीत जोडणीचे काम हाच तो माल होय. बाजारात अनेक स्वस्त गिझर धुराड्याविना येतात आणि जळालेला वायू माथ्याच्या फटींतून खोलीतच सोडतात. धुराडे असलेला घेतला तरी भिंतीला भोक पाडण्याचे काम फिटरला नको असते. माझ्या घरी काही वर्षांपूर्वी असेच घडले. फिटरने यंत्र न्हाणीघरात टांगले, धुराचा पाइप खोक्यातच ठेवून दिला आणि 'सर, सगळीकडे असंच बसवतात' असे सांगून तो मोकळा झाला. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का होता. पाइपचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता, आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्या ग्राहकालाही तो विचारावासा वाटला नाही. पुढे एकदा डोके दुखू लागले तेव्हा कोठे मी माहितीपत्रक उघडले.

आता शासनाच्या बाजूकडे वळू. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. २०२४ पर्यंत देशातील घरगुती ग्राहकांची संख्या ३२ कोटींवर गेली. चुलीच्या धुराने डोळे आणि फुप्फुसे गमावलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने ही कामगिरी सामान्य नव्हे, आणि तिच्या श्रेयात कपात करण्याचा माझा हेतू नाही. पण आपण यश मोजतो ते जोडण्यांच्या संख्येने. नळी दर पाच वर्षांनी बदलावयाची असते, तपासणीही पाच वर्षांनी व्हावयाची असते. तपासणीचे शुल्क ग्राहकाच्या माथी होते तोवर तपासनीस म्हणजे पैसे उकळायला आलेला माणूस, अशीच लोकांची समजूत राहिली आणि दारातूनच त्याची बोळवण होत राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात तेल कंपन्यांनी घरपोच विनामूल्य तपासणीची मोहीम काढली, नळ्याही सवलतीत बदलून दिल्या, तेव्हा कोट्यवधी घरांची दारे उघडली. शुल्क काढताच प्रतिसाद वाढावा, यात नवल नाही.

परंतु ही तपासणी सिलिंडर, रेग्युलेटर, नळी आणि शेगडी यांच्यापाशी थांबते. न्हाणीघरापर्यंत ती पोहोचल्याचा अनुभव निदान माझ्या परिचयातील एकाही कुटुंबाला नाही. तेल कंपन्यांचा विमाही वायू हे आगीचे मूळ कारण असलेल्या अपघातांच्या भाषेत बोलतो. येथे तर आग लागतच नाही. जेथे पाइपने नैसर्गिक वायू आला आहे तेथे गुंता आणखी वेगळा. तो वायू हवेहून हलका, त्याला बर्नरचे छिद्र निराळे लागते. सिलिंडरवरचा गिझर जेट न बदलता त्याला जोडता येत नाही. हे पाहणारा माणूस कोणाचा, कंपनीचा की दुकानाचा?

ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांत देऊन ठेवले आहे. तेथे न्हाणीघरात बसवावयाचे गॅसचे यंत्र खोलीच्या हवेपासून पूर्णतः बंदिस्त, बाहेरून हवा घेणारे आणि बाहेरच धूर सोडणारे असावे लागते. भाड्याच्या घरातील यंत्रांची दरवर्षी नोंदणीकृत कारागिराकडून तपासणी करून तिचा दाखला २८ दिवसांत भाडेकरूच्या हाती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे एकेका सदनिकेत चार-पाच विद्यार्थी राहतात आणि सकाळच्या तासाच्या घाईत एकामागून एक स्नाने उरकतात. तेथे भाडेकरारात पंखे आणि दिवे मोजून लिहिलेले असतात, गिझरच्या धुराविषयी अवाक्षर नसते.

यावर एक आक्षेप हमखास येईल : एवढे नियम केले तर गिझर महागेल आणि गरीब माणूस पुन्हा बंबाकडे वळेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. सकाळी वीज नसते किंवा बिल परवडत नाही, म्हणूनच मध्यमवर्गाने गॅसचा गिझर पत्करला. पण सर्वांत उपयोगी सुधारणेला खर्च जवळजवळ नाहीच. यंत्र न्हाणीघराबाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टच्या भिंतीवर बसवावे आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा; जादा लागतो तो काही फूट पाइप. धुराड्याविना असलेल्या यंत्राची न्हाणीघरातील जोडणी बेकायदा ठरवावी. जोडणी करणाऱ्याने आपले नाव व तारीख घालून दाखला द्यावा, त्याविना हमी लागू होऊ नये. नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देताना गिझरसाठी बाहेरची जागा ठेवली आहे की नाही हे महापालिकेच्या अभियंत्याने पाहावे. गॅसच्या वितरकाला सिलिंडरमागे मिळणाऱ्या कमिशनचा एक अंश तपासणीशी बांधावा. यातील निम्म्या गोष्टी राज्य सरकारच्या आणि महापालिकांच्याच हातात आहेत. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. नागपूरचे अधिवेशन नेमके या बातम्यांच्या महिन्यातच भरते.

आमच्या घरचा गिझर आता गॅलरीत आहे. गरम पाणी आत पोहोचेपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाहून जाते, आणि त्याबद्दल घरात रोज सकाळी कुरबूर होते.