धुलाईयंत्राच्या दाराचें रबर

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं धुलाईयंत्रापुढें पाण्याचें तळें सांचूं लागलें. यंत्र फार भरतें, साबण जास्त घालते, असा ठपका आम्हीं पूर्ण चौकशी न करतां सूनबाईवर ठेवला. ती कांहीं बोलली नाहीं. चार दिवसांनीं खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, तेव्हां मात्र मूळ कारण शोधणें भाग पडलें. समोरून दार उघडणारें यंत्र वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असेल, म्हणून आम्हांस जें कळलें तें येथें सांगतों.

या यंत्रांत दोन पिपें असतात. आंतलें सच्छिद्र पीप कपड्यांसह फिरतें. बाहेरचें फिरत नाहीं, पाणी धरून ठेवतें. परंतु तें स्प्रिंगांवर टांगलेलें असल्यामुळें कपडे पिळतांना हलतें, आणि यंत्राचा पुढचा पत्रा तर स्थिर. या दोहोंस जोडणारी रबराची घडीदार पट्टी म्हणजेच दाराचें रबर. व्याकरणांतील संधीप्रमाणें तें दोघांच्या मधली फट बुजवितें. दार लावलें कीं त्याची कांच या रबराच्या ओठावर दाबून बसते.

हें रबर बहुधा तीन कारणांनीं बिघडतें. खिशांत राहिलेलीं नाणीं, आकडे, टाचण्या घडींत अडकून त्यास कापतात. साबणाचा गाळ व पाणी सांचून काळी बुरशी धरते. आणि वर्षें लोटलीं म्हणजे तें कडक होऊन चिरतें. यासाठीं ओठ बोटांनीं मागें सारून विजेरीच्या उजेडांत सर्व घडी पाहावी, खालचा भाग विशेषेंकरून. आमच्या घडींत काय सांपडावें? कर्कटक! शेजारच्या मुलांना भूमिति शिकवून आम्हींच तें बंडीच्या खिशांत ठेवलें होतें. त्याच्या टोकानें रबरास बोटभर चीर पडली होती.

सायकलच्या ट्यूबप्रमाणें ठिगळ लावून पाहिलें. तें आठवडाभर टिकलें व सुटलें. सतत हलणाऱ्या ओल्या रबरावर ठिगळ हा तात्पुरताच उपाय. नवें रबर यंत्रावरील पट्टीचा मॉडेल-क्रमांक सांगूनच मागवावें. दिसण्यांत सारखें असलें तरी एकाचें दुसऱ्यास बसेलच असें नाहीं.

बदलण्यापूर्वीं विजेचा प्लग काढावा, नळ बंद करावा व जुन्या रबराचें छायाचित्र घेऊन ठेवावें. बाहेरच्या काठावर स्प्रिंग लावलेली तार असते. ती पेचकसानें उचलली कीं ओठ सुटतो. पिपाकडील कडें मात्र पुष्कळ यंत्रांत वरचें झाकण व पुढचा पत्रा काढल्याशिवाय हातीं येत नाहीं. ज्यास संवय नाहीं त्यानें येथें मिस्त्रीस बोलावण्यांत कमीपणा मानूं नये. आम्हींहि मानला नाहीं. खोबण पुसून नव्या रबरावरची खूण पिपाच्या वरच्या खुणेशीं जुळवावी, म्हणजे पाणी निथळण्याचीं भोकें खालीं येतात. रबर सरकण्यास साबणाचें पाणी लावावें. तेल कदापि नको, त्यानें रबरास अपाय होतो. शेवटीं कपडे न घालतां एक फेरी चालवावी व खालीं वर्तमानपत्र अंथरून तें भिजतें कीं काय तें पाहावें.

पुढची निगा सोपी आहे. धुणें झालें कीं घडी कोरड्या फडक्यानें पुसावी व दार किंचित् उघडें ठेवावें. घरांत लहान मूल असेल तर न्हाणीघराचें दार मात्र लावून घ्यावें. महिन्यांतून एकदां ६० अंशांच्या पाण्यानें रिकामें यंत्र फिरवावें. बुरशीवर ब्लीच वापरल्यास त्यांत व्हिनेगर मुळींच मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

रबर बसलें. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला रंग आमच्या खर्चानें लागला. सूनबाईची क्षमा आम्हीं जेवणाच्या पानावर सर्वांसमक्ष मागितली. ठपकाहि सर्वांसमक्षच ठेवला होता. ती हंसून म्हणाली, "मामंजी, आतां यंत्राशेजारीं एक वाटी ठेवतें. खिसे आधीं तींत रिकामे होऊं देत." महिनाअखेर ती वाटी पाहिली, तों निम्मे जिन्नस आमचेच निघाले.