वाद नको, वाट पाहा

माझा बाप्तिस्मा झाला आणि आईने माझ्या घरचे पाणी सोडले. मी पडलो मास्तर! वाद घालून तिला पटवायला निघालो. तिथेच चुकलो.

ही चूक उमगली ती वर्गात 'स्मृतिचित्रे'तला उतारा शिकवताना. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे पुन्हा संसार मांडला, तरी त्यांनी आपले सोवळे सांभाळले. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद लक्ष्मीबाईंच्या मनातून गेला तो त्यांच्याच विचाराने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि टिळकांमागे त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही पुरे केले.

माझी आई ख्रिस्ती झाली नाही. तसा हट्टही मी सोडला. शेवटच्या आजारात मात्र तिने माझ्या हातून पाणी घेतले. दोघेही काही बोललो नाही.

आता दर रविवारी उपासनेआधी चर्चच्या दाराशी ठेवलेले माठ भरतो. कुणीही यावे, पाणी प्यावे. आत आलेच पाहिजे असे नाही. मला वाटते, मंडळी, श्रद्धा कुणाला पटवून देता येत नाही. पाणी देता येते.