धन्यास तनखा, चाकरास तुरुंग

दुसऱ्या बाजीरावाचें राज्य त्रिंबकजी डेंगळ्यानें बुडविलें, असें म्हणणारे विद्वान अजून भेटतात. आमच्यांतले कांहीं तरुण उलट त्यास इंग्रजांशीं लढलेला मराठा वीर म्हणून डोक्यावर घेतात. यावलास मुलांना हा भाग शिकवितांना एका कुणब्याच्या पोरानें आम्हांस विचारलें, “मास्तर, मंग धन्याले काय सजा झाली?” दोन्ही पक्षांनीं या पोरास उत्तर द्यावें.

त्रिंबकजी मूळचा जासूद. मर्जी बसली आणि 1814 साली अहमदाबादचा सरसुभा त्याच्या हातीं आला. त्या राज्यांत मामलती मक्त्यानें जात. अधिक बोली करील त्यास परगणा! मक्तेदार तो पोटमक्त्यानें देई, आणि सगळ्यांची भर अखेर कुणब्याच्या खळ्यावरून उचलली जाई. हें पाप त्रिंबकजीचें आहेच. जातीचा म्हणून आम्ही तें झांकणार नाहीं. पण पैसा कोणाच्या तिजोरीसाठीं गोळा होत होता?

1815 च्या जुलैंत पंढरपुरास गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. इंग्रजांनीं डोळे वटारतांच पेशव्यांनीं आपला लाडका त्यांच्या स्वाधीन केला. 12 सप्टेंबर 1816 रोजीं तो ठाण्याच्या किल्ल्यांतून निसटला. पेशवे आंतून पैसा पुरवीत, आणि तो डोंगरांतून भिल्ल, रामोशी, मांग जमवी. इकडे खानदेशांत त्याचा पुतण्या गोदाजी उठला. बंधूंनो, हे भिल्ल कोण? 1804 साली कोपरगावास पेशव्यांच्या सरसुभेदारानें ज्यांना विश्वासघातानें मारून विहिरींत टाकलें, त्यांचेच भाऊबंद! तेव्हां ते चोर होते. आतां सरकारच्या उपयोगीं पडणारे शूर झाले.

एप्रिल 1817 मध्यें निझामाच्या घोडेस्वारांनीं गोदाजीची फौज उधळली. मग पेशव्यांनीं काय करावें? ज्यास स्वतः चढविला त्याच्याच शिरावर दोन लक्ष रुपयांचें बक्षीस लाविलें, आणि 13 जूनच्या पुणें तहांत खुनाचा दोष त्याचाच म्हणून लिहून दिलें. आपल्या अंगावर थेंब उडूं दिला नाहीं.

पुढल्या वर्षीं, 3 जून 1818 रोजीं, असीरगडाजवळ धोलकोटास बाजीराव इंग्रजांस शरण गेले. सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन ते ब्रह्मावर्तास राहिले. 1851 पर्यंत जगले. त्याच जून महिन्याअखेर अहिरगावीं त्रिंबकजी सांपडला. त्यास चुनारच्या किल्ल्यांत कोंडलें, आणि 1829 साली तो तेथेंच मेला.

त्या पोरास आम्हीं हेंच सांगितलें. तें म्हणालें, “आन् भिल्लायले?”

गोदाजीबरोबर जे पडले त्यांचीं नांवें कोणत्याहि तहांत नाहींत. त्यांच्या बायकापोरांस काय मिळालें, तें ज्यांना आठ लाखांचा आंकडा तोंडपाठ आहे त्यांनींच सांगावें.