स्पीड १०० एमबीपीएस, डेटा अनलिमिटेड… पण सेशन किती?

स्पीड टेस्ट केली तर आकडा शंभरच्या आसपास. व्हॉट्सॲपवर मेसेज येतायत, यूट्यूबवर आधीपासून चालू असलेला व्हिडिओही चालतोय. पण परीक्षेच्या फॉर्मची साइट उघडायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर ठरलेलं: 'सर, आमच्याकडून स्पीड बरोबर येतोय.'

गंमत म्हणजे तो माणूस बहुतेक खोटं बोलत नसतो. स्पीड खरंच बरोबर असतो. अडलेलं असतं ते 'सेशन'. प्लॅनच्या जाहिरातीत एमबीपीएस दिसतात, जीबी दिसतात, ओटीटीची नावं दिसतात. पण एका कनेक्शनवर एकाच वेळी किती सेशन चालतील, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

हा विषय आत्ताच का, तर जून २०२५ मध्ये ट्रायने पीएम-वाणी योजनेसाठी दरांचा एक आदेश काढला. चहाची टपरी, किराणा दुकान, अभ्यासिका अशा ठिकाणी वायफाय देणाऱ्यांना (सरकारी भाषेत 'पब्लिक डेटा ऑफिस', म्हणजे पीडीओ) २०० एमबीपीएसपर्यंतचे फायबर प्लॅन घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दरात मिळायला हवेत, असं त्यात म्हटलंय. आधी अशा दुकानदारांना महागडी लीज्ड लाइन घ्यायला सांगितलं जायचं, त्यामुळे हा निर्णय चांगलाच आहे. पण एका घरासाठी बनवलेलं कनेक्शन आता तीस जण वापरणार. तेव्हा स्पीड पुरेल का, हा प्रश्न सगळे विचारतील. सेशन पुरतील का, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे.

चला, नीट समजून घेऊ.

पहिलं सेशन : तुमच्या राउटरचं लॉगिन

नेटवाला कनेक्शन लावायला येतो तेव्हा राउटरमध्ये एक युजरनेम आणि पासवर्ड टाकतो, आठवतंय? बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये हे लॉगिन 'पीपीपीओई' नावाच्या पद्धतीने होतं. पद्धत जुनी आहे. तिचा मसुदा फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ म्हणून प्रसिद्ध झाला.

काम साधं आहे. राउटर सुरू झाला की लाइनवर हाक मारतो, 'कोणी सर्व्हर आहे का?' कंपनीचं मोठं राउटर (त्याला 'ब्रास' किंवा 'बीएनजी' म्हणतात) उत्तर देतं, 'मी आहे.' आपला राउटर म्हणतो, 'मला जोडून घे.' ब्रास त्याला एक सेशन नंबर देतं. मग युजरनेम-पासवर्ड तपासला जातो. ही तपासणी सहसा 'रेडियस' नावाचा सर्व्हर करतो. प्लॅन कोणता, स्पीड किती, पैसे भरलेत की नाही, हे सगळं त्याच्याकडे नोंदलेलं असतं.

इथेच पहिली मर्यादा लागते : एका युजरनेमवर एकाच वेळी एकच सेशन. कारण उघड आहे. नाहीतर एकच आयडी-पासवर्ड चार घरांत टाकून चार राउटर चालवता येतील आणि पैसे एकाच प्लॅनचे भरले जातील. बऱ्याच कंपन्या याच्याही पुढे जाऊन राउटरचा मॅक ॲड्रेस आयडीला बांधून ठेवतात. म्हणून नवीन राउटर आणला की पासवर्ड बरोबर टाकूनही नेट चालू होत नाही, आणि फोन करून 'मॅक क्लिअर करा' म्हणावं लागतं.

ब्रासच्या बाजूनेही मर्यादा असतात. एका पोर्टवर किंवा एका व्हीलॅनवर जास्तीत जास्त किती सेशन घ्यायचे, हे कंपनी ठरवते. समजा, अर्ध्या गावाची लाइट गेली आणि परत आली. हजारो राउटर एकाच क्षणी हाका मारायला लागतात. मर्यादा नसेल तर या गर्दीत ब्रासच मान टाकेल आणि सगळ्यांचंच नेट जाईल. त्यामुळे ही मर्यादा ग्राहकाच्या विरोधात नाही, उलट त्याच्याच सोयीची आहे.

लाइट आली, नेट का आलं नाही?

पण याच मर्यादेचा एक त्रास आपल्याकडे नेहमी होतो. लाइट अचानक जाते तेव्हा राउटरला 'मी बंद होतोय' हे सांगायला वेळच मिळत नाही. ब्रासच्या वहीत जुनं सेशन चालूच राहतं. लाइट येते, राउटर पुन्हा लॉगिन करायला जातो आणि उत्तर मिळतं : या आयडीवर आधीच एक सेशन चालू आहे.

जुनं सेशन मेलंय हे ओळखण्यासाठी ब्रास मधूनमधून 'आहेस का?' असं विचारत असतं. काही वेळा उत्तर आलं नाही की ते सेशन काढून टाकतं. याला किती वेळ लागेल, ते कंपनीच्या सेटिंगवर आहे. काही कंपन्या नवीन लॉगिन आलं की जुनं सेशन स्वतःहून तोडतात, तिथे हा त्रास जाणवत नाही. काही नव्यालाच दारात उभं करतात, आणि मग ग्राहक राउटर दहा वेळा बंद-चालू करत बसतो.

अशा वेळी राउटर फॅक्टरी रीसेट अजिबात करू नका. त्यातलं युजरनेम-पासवर्डच उडून जाईल आणि नेटवाल्याची वाट बघत बसावं लागेल. राउटर पाचेक मिनिटं बंद ठेवा, मग चालू करा. तरीही जमलं नाही तर फोनवर 'नेट बंद आहे' एवढंच न सांगता 'माझ्या आयडीवर जुनं सेशन अडकलंय, ते क्लिअर करा' असं सांगा. नेमकं काय करायचंय ते समोरच्याला लगेच कळतं.

दुसरं सेशन : जे दिसतच नाही

आता खरा मुद्दा. लॉगिन झालं, सेशन एकच. पण त्या एका सेशनच्या पोटात शेकडो छोटी कनेक्शन चालू असतात. व्हॉट्सॲपचं एक, जीमेलचं एक, इन्स्टाग्रामची काही, ब्राउझरच्या प्रत्येक टॅबची आणखी काही. नेटवर्कच्या भाषेत यांनाही 'सेशन'च म्हणतात, आणि यांनाही मर्यादा असते.

ती का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास. जुन्या पद्धतीचे आयपी ॲड्रेस, म्हणजे आयपीव्ही४, एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आशियाला ॲड्रेस देणाऱ्या एपनिक या संस्थेवर त्याच वर्षी एप्रिलमध्ये रेशनिंगची वेळ आली. त्यानंतर मोठ्या झालेल्या कंपन्यांनी मार्ग काढला तो 'सीजीनॅट'चा : एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांमध्ये वाटायचा.

सोसायटीचा पत्ता एक आणि फ्लॅट अनेक, तसंच हे. फ्लॅट नंबरच्या जागी इथे 'पोर्ट नंबर' असतो. एका आयपीवर पोर्ट असतात ६५,५३६. समजा कंपनीने एक आयपी ६४ घरांत वाटला, तर प्रत्येक घराच्या वाट्याला साधारण १,०२४ पोर्ट येतात. हिशोब ढोबळ आहे. टीसीपी आणि यूडीपीचे पोर्ट वेगळे मोजले जातात, काही उपकरणं एकच पोर्ट वेगवेगळ्या सर्व्हरसाठी पुन्हा वापरतात. पण अंदाज यायला एवढा पुरे.

चार माणसांच्या घराला हजार पोर्ट भरपूर झाले. आता तीस मुलांची अभ्यासिका घ्या. प्रत्येकाच्या फोनवर आणि लॅपटॉपवर मिळून चाळीस कनेक्शन चालू आहेत असं धरलं तरी आकडा बाराशेवर जातो. त्यात कोणी टॉरेंट लावलं तर तो एकटाच शेकडो कनेक्शन खाऊ शकतो.

मर्यादा भरली की काय होतं? चालू असलेली कनेक्शन चालूच राहतात, नवीन उघडत नाहीत. म्हणून व्हॉट्सॲप सुरू आणि फॉर्मची साइट बंद. किंवा पान अर्धवट येतं, फोटो येत नाहीत, मधूनच एखादं बटण गायब. जपानच्या एनटीटी कम्युनिकेशन्सच्या इंजिनिअरांनी हे गूगल मॅप्सवर दाखवलं होतं : कनेक्शनची मर्यादा कमी कमी करत नेली तसे नकाशाचे चौकोन रिकामे पडत गेले. स्पीड टेस्टला मात्र मोजकीच कनेक्शन लागतात. त्यामुळे एकदा का ती सुरू झाली की रिझल्ट झकास येतो.

घरचा स्वस्त राउटरही इथे अडवू शकतो. चालू कनेक्शनची यादी त्याच्या मेमरीतही असते. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये सेटिंग बदललं नसेल, तर नीट बंद न झालेलं टीसीपी कनेक्शन या यादीत पाच दिवसांपर्यंत राहू शकतं. यादी भरली की नवीन पॅकेट सरळ टाकून दिली जातात. राउटर रीस्टार्ट केल्यावर 'नेट एकदम पळायला लागलं' असं वाटतं, त्यामागे बऱ्याचदा ही यादी रिकामी होणं हेच कारण असतं.

मग कंपनी लबाडी करतेय का?

मर्यादा घालणं ही लबाडी नाही. सीजीनॅट कसं असावं हे सांगणाऱ्या आरएफसी ६८८८ मध्ये प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टवर मर्यादा घालता आलीच पाहिजे, असं स्पष्ट म्हटलंय. नाहीतर एका घरातला व्हायरस लागलेला कॉम्प्युटर सगळे पोर्ट खाईल आणि उरलेली ६३ घरं बोंबलत बसतील. शिवाय कोणत्या वेळी कोणता ग्राहक कोणता आयपी आणि पोर्ट वापरत होता, याची नोंद कंपनीला लायसन्सच्या अटीनुसार ठेवावी लागते. प्रत्येक ग्राहकाला पोर्टचा ठरावीक गठ्ठा दिला की ही नोंद सोपी होते.

नेट न्यूट्रॅलिटीचा भंग होतो का? २०१८ मध्ये सरकारने मान्य केलेल्या तत्त्वांनुसार कंपनीला एखादी साइट किंवा ॲप निवडून अडवता येत नाही, पण नेटवर्क सांभाळण्यासाठी वाजवी उपाय करता येतात. सगळ्या ट्रॅफिकवर सारखीच असलेली सेशन मर्यादा या चौकटीत बसते.

चूक आहे ती न सांगण्यात. एफयूपीचं आठवून बघा. 'अनलिमिटेड' म्हणून प्लॅन विकायचे आणि ठरावीक जीबीनंतर स्पीड गुपचूप पाडायचा, असं सर्रास चालायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने आदेश काढला : किती डेटापर्यंत किती स्पीड, त्यानंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. एफयूपी त्यानंतरही राहिली, पण ग्राहक आधी बघून प्लॅन निवडू लागला.

सेशनच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तीही स्पीडचीच. ऑगस्ट २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत लेटन्सी, पॅकेट लॉस, बिघाड दुरुस्तीचा वेळ असे निकष आहेत. एका ग्राहकाला किती पोर्ट किंवा सेशन मिळतात, हा निकष त्यात नाही.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. स्वतंत्र फ्लॅट, स्वतंत्र कनेक्शन असणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवणारही नाही. ती जाणवते कॉट बेसिसवर सहा जणांत एक वायफाय वापरणाऱ्यांना, हॉस्टेलवाल्यांना, अभ्यासिकेत बसणाऱ्यांना. पीएम-वाणीही अशांसाठीच आहे. दर आवाक्यात आला आणि कनेक्शनची मर्यादा एका कुटुंबाचीच राहिली, तर दुकानदाराचे पैसेही जातील आणि 'फुकटचं वायफाय असंच असतं' म्हणून योजनेचं नावही खराब होईल. पीडीओच्या प्लॅनवर तरी सेशनचा आकडा छापणं सक्तीचं व्हायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

१. तुम्ही सीजीनॅटमागे आहात का ते बघा. राउटरच्या पेजवर 'वॅन आयपी' पाहा. तो १०. ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर आयपी वाटून घेतलेला आहे.

२. आयपीव्ही६ चालू आहे का तपासा. टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम ही साइट फोनवर उघडली की कळतं. आयपीव्ही६ मध्ये ॲड्रेस भरपूर असल्याने पोर्ट वाटून घ्यावे लागत नाहीत. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची नवीन वायरलाइन कनेक्शन आयपीव्ही६ चालवू शकणारी असावीत, असं दूरसंचार विभागाने आधीच सांगून ठेवलंय. त्यामुळे मागायला लाजू नका. बऱ्याचदा राउटरमध्ये ते फक्त बंद ठेवलेलं असतं. जी साइट अजून फक्त आयपीव्ही४ वर आहे, ती मात्र सीजीनॅटमधूनच जाईल.

३. टॉरेंट वापरत असाल तर त्यातली 'मॅक्सिमम कनेक्शन'ची सेटिंग कमी करा. रूममेट दुवा देतील.

४. वायफाय अनेकांना देत असाल तर राउटरमध्ये 'सेशन लिमिट' किंवा 'कनेक्शन लिमिट' आहे का बघा. प्रत्येक डिव्हाइसला मर्यादा घातली की एकामुळे बाकीचे अडत नाहीत.

५. नवीन कनेक्शन घेताना तीन प्रश्न विचारा, जमलं तर ईमेलवर : आयपी पब्लिक आहे की शेअर्ड? आयपीव्ही६ मिळेल का? एका ग्राहकाला किती सेशन किंवा पोर्ट देता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या फोनवर बहुधा मिळणार नाही. कस्टमर केअरवाल्याला ते माहीतही नसेल. तरी विचारा, आणि तक्रार नोंदवताना 'स्लो नेट' न लिहिता 'जुनी कनेक्शन चालतात, नवीन उघडत नाहीत' असं लिहा. मग स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवून तक्रार बंद करणं कंपनीलाही तितकं सोपं राहणार नाही.